जुनी टँडम घ्यायची आहे: गिअरवाली की क्रूझर?

जोडपायडल
दोघांनी मिळून आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारण्यासाठी वापरलेली टँडम (दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल) शोधतोय. रस्ता बहुतेक सपाट, मध्ये एखादा लहान चढ. पुढे बसणाऱ्याची उंची १७५ सेंमी, जांघेपासून टाचेपर्यंत पाय ८१ सेंमी. मागे १५८ सेंमी, पाय ७२ सेंमी. दोघांचं मिळून वजन १३५ किलो.

दोन सायकली डोक्यात आहेत. पहिली जुनी स्टीलची, १८ गिअर, २६ इंची चाकं, दोन्ही चाकांना कँटिलीव्हर ब्रेक. पुढचे-मागचे पायडल जोडणारी चेन डावीकडे आहे आणि चाकाची उजवीकडे. फ्रेमवर ५४/४८ लिहिलंय, त्याचा अर्थ कळला नाही. दुसरी रुंद हँडलची क्रूझर, एकच गिअर, पायडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागतो, पुढे ब्रेकच नाही. क्रूझर निम्म्या किमतीला मिळतेय. जाऊन बघताना नेमकं काय तपासायचं?

आउटकाढे
५४/४८ म्हणजे पुढच्या आणि मागच्या सीट ट्यूबची लांबी, सेंटिमीटरमध्ये. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग) मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर पायाच्या लांबीच्या ०.८८३ पट धरतात. मागे बसणाऱ्याचे ७२ सेंमी म्हणजे साधारण ६३.५ सेंमी. ४८ च्या ट्यूबवर सीट पूर्ण खाली बसवली तरी क्लॅम्प आणि सीट मिळून दहा-अकरा सेंमी वाढतातच, म्हणजे ५९. चार-पाच सेंमी वर घ्यायला जागा राहते, माप जमतंय. मागची ट्यूब ५४ असती तर सोडून द्या म्हटलं असतं.

पुढच्याचं माप जास्त महत्त्वाचं, कारण मागचा माणूस पाय पायडलवर ठेवून बसलेला असताना सगळी सायकल पुढचाच तोलतो. आडव्या नळीवर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकवून उभं राहा. नळी आणि जांघ यांत किमान दोन-तीन सेंमी फट हवी, चवड्यांवर उभं राहावं लागत असेल तर नको. मागच्याला गुडघे आणि हँडल यांच्यात जागा आहे का तेही बघा. दोन बीबींमधलं अंतर ६० सेंमीच्या आसपास असेल तर मागचा माणूस पुढच्याच्या पाठीला चिकटतो, ७० च्या पुढे आरामात बसतो. दोन्ही सीटपोस्ट (सीटचे दांडे) जागेवर हलवून बघायला विसरू नका. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं तसाच राहिला तर धरून बसतो, आणि टँडमवर मागच्याचं हँडल पुढच्या सीटपोस्टवरच कसलेलं असतं. पोस्ट अडकला की दोन्ही मापं अडकली.

आता मागचं चाक. जुन्या टँडमचा खर्च इथेच निघतो. स्पोक मोजा: ३६ चालतील, ४० किंवा ४८ असतील तर उत्तम. लागून असलेल्या दोन-दोन स्पोकना चिमटीत दाबत चाकभर फिरा. एखादी जोडी लिबलिबीत लागली तर तिथे ताण गेलाय. चाक थोडं आउट असणं, म्हणजे फिरताना डुलणं, ही अडचण नाही, आउट काढता येतो. पण दोन-तीन स्पोकचा रंग बाकीच्यांहून वेगळा दिसला, म्हणजे आधी तुटून बदललेले, तर उरलेलेही थकलेत असं समजा आणि चाक पुन्हा बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

१८ गिअर म्हणजे मागे बहुधा सहा दातेरी चक्रांचं फ्रीव्हील. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बरेच आत बसतात, बाहेरचं एक्सल (चाकाचा दांडा) आधाराविना राहतं आणि दोघांच्या वजनाने वाकतं. चाक काढा, एक्सल बोटांनी फिरवा आणि टोकाकडे नजर ठेवा. टोक जागच्या जागी फिरायला हवं, छोटं वर्तुळ काढायला लागलं तर एक्सल वाकलंय. चाक बाहेर आहे तोवर मागच्या दोन काट्यांमधलं आतलं अंतरही मोजून घ्या. १३५ मिमी असेल तर हब सहज मिळतो. १४०, १४५ किंवा १६० असेल तर खास टँडमचा हब लागतो, तो महाग आणि शोधावाही लागतो.

दातेमोजणी
वरचं सगळं पटलं. डाव्या चेनबद्दल सविस्तर लिहितो, कारण बघायला गेलेले लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

या चेनला टेन्शनर नसतो. पुढची बीबी एका एक्सेंट्रिकमध्ये बसवलेली असते, म्हणजे जाड गोल ठोकळा आणि त्यातलं भोक मध्यावर नसून बाजूला. ठोकळा फिरवला की बीबी पुढे-मागे सरकते, चेन ताणते किंवा ढिली होते. तो फ्रेमच्या नळीखालच्या एक-दोन स्क्रूंनी किंवा आतल्या पाचरीने आवळलेला असतो. स्क्रू ढिले करून ठोकळा खरंच फिरतो का, हे विकणाऱ्याच्या समोरच बघा. गंजून बसला असेल तर चेन आयुष्यात ताणता येणार नाही. स्क्रूंनी ठोकळ्यावर खोल खड्डे पाडले असतील तर प्रत्येक वेळी स्क्रू जुन्याच खड्ड्यात घसरतो आणि हवी ती जागा मिळत नाही.

मग चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली हलवून बघा. एकूण हालचाल एक-दीड सेंमी हवी. क्रँक (पायडलचा दांडा) हळूहळू पूर्ण फेरा फिरवत हेच चार-पाच ठिकाणी करा. एका जागी तंग आणि समोरच्या जागी लोंबती असेल तर चेनव्हील मध्यावर नाही. त्याचे बोल्ट किंचित ढिले करून, चेन सगळ्यात तंग होते तिथे हलकेच ठोकून पुन्हा आवळतात. ताण नेहमी सर्वात तंग जागी बघून ठरवायचा, नाहीतर बीबीचे बेअरिंग खातो. फार ढिली ठेवली तर चढावर जोर लावताना उतरते.

पुढचे-मागचे क्रँक एका रेषेत नसले तर घाबरू नका. चेन एक दाता चुकून बसली की ३८ दात्यांच्या चेनव्हीलवर साडेनऊ अंशांचा फरक पडतो. एक्सेंट्रिक ढिला करा, चेन उतरवा, क्रँक जुळवा, चेन चढवा, झालं. काही जण मुद्दाम ९० अंशांचा फरक ठेवतात, पण नवख्या जोडीने सरळच ठेवावं.

आणि डाव्या बाजूचे क्रँक खास टँडमचे आहेत ना? कुणी साध्या सायकलचा उजवा क्रँक डावीकडे बसवला असेल तर पायडलचा आटा उलट्या दिशेचा होतो आणि पायडल चालवता चालवता सुटत जातं. डाव्या पायडलचा आटा डावाच असायला हवा.

हळूहळू_चला
क्रूझरबद्दल कुणीच बोललं नाही, तिला विसरू नका. सपाट रस्त्यावर आठ किलोमीटरला गिअर कशाला? बिघडण्यासारखं त्यात कमी असतं, आणि दोघं निवांत बसतात.

दातेमोजणी
गिअर नसण्याला माझी हरकत नाही, ब्रेकला आहे. पुढच्याने पायडल उलटं दाबलं की तो जोर आधी जोडचेनमधून आणि मग मागच्या चेनमधून हबपर्यंत पोचतो. दोन्हींपैकी एक जरी उतरली तरी पुढच्याच्या पायाखालचा ब्रेक गेला. मागची उतरली तर दोघांचाही. १३५ किलो वजन आणि वर सायकलचे पंचवीसेक किलो एवढ्या भरवशावर चालवू नये. फोर्कला व्ही-ब्रेकचे खुंट असतील किंवा कॅलिपरसाठी भोक असेल आणि पुढे चांगला ब्रेक बसवणार असाल, तरच घ्या. आणखी एक त्रास म्हणजे निघताना पायडल मागे फिरवून जागेवर आणता येत नाही, दर सिग्नलला मागचं चाक उचलावं लागतं.

जोडपायडल
गिअरवालीच घ्यायचं ठरतंय. एक्सेंट्रिक फिरतोय, एक्सल सरळ आहे, स्पोक ४०. दोन्ही चेन मात्र गंजल्यात आणि मागच्या ब्रेकची तार उसवलीय. दोन बीबींमधलं अंतर ७० सेंमी, डावीकडची दोन्ही चेनव्हील ३८ दात्यांची. किती चेन आणायच्या?

आउटकाढे
अंतराची दुप्पट १४०० मिमी. एक कडी १२.७ मिमीची, म्हणून ११०. दोन्ही चेनव्हीलवर अर्धे-अर्धे दाते म्हणजे आणखी ३८. एकूण १४८ कड्या. बाजारातली चेन साधारण ११६ कड्यांची येते, म्हणून डावीकडे दोन जोडाव्या लागतील. उजवीकडची साध्या सायकलइतकीच लांब, तिला एक. तीन आणा, तिन्ही ६-७-८ गिअरची साधी ३/३२ इंची. जोडचेनला महागडी चेन लावून काहीच मिळत नाही. उरलेला तुकडा दुरुस्तीसाठी ठेवा.

मागच्या ब्रेकची नेहमीची तार १.७ मीटरच्या आसपास असते, ती पुरणार नाही. टँडमची, अडीच-तीन मीटरची मागा. दोन तारा जोडून ब्रेकला लावायच्या नाहीत, कुणी कितीही खात्री दिली तरी. मागच्या गिअरची तारही लांबच लागेल, तीही सोबत मागवा. टायरच्या कडांना भेगा असतील तर तेही बदला, १.७५ इंची घ्या आणि हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याजवळ ठेवा.

हळूहळू_चला
पहिल्या फेरीआधी एवढं करा. पुढच्याने नळीवर उभं राहून दोन्ही ब्रेक दाबून धरायचे आणि पाय चांगले फाकवायचे, कारण मागचा माणूस पायडल जागेवर आणायला फिरवतो तेव्हा पुढचंही पायडल फिरतं आणि नडगीवर बसतं. गिअर हलका ठेवा. निघताना, थांबताना, गिअर बदलताना आणि पायडल थांबवताना पुढच्याने मोठ्याने सांगायचं. खड्डा आला तरीही, मागच्याला समोर फक्त पाठ दिसते.

जोडपायडल
नडगीचं आधी सांगितलंत ते बरं झालं. तारा आणि चेनची यादी केली, शनिवारी आणायला जातोय.