शब्दचर्चा : ‘निष्ठावान ग्राहक’ म्हणावं का?

अनुवादिनी :
नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी युरोपातल्या उंची फॅशनच्या कंपन्यांवर लेख लिहिते आहे. या कंपन्या जुन्या, खात्रीच्या गिऱ्हाइकांना कशा वागवतात आणि नव्या, तरुण गिऱ्हाइकांना कशा, हा विषय. माहिती सगळी इंग्रजीतून जमवलेली, आणि दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे.

पहिला ‘व्हीआयसी’. ‘व्हीआयपी’सारखाच, फक्त ‘पर्सन’च्या जागी ‘क्लायंट’. दुसरा ‘ॲस्पिरेशनल कस्टमर’. म्हणजे पगारातून पैसे बाजूला टाकून वर्षा-दोन वर्षांतून एखादा पट्टा, पाकीट किंवा गॉगल घेणारा, बहुतेक वेळा तिशीच्या आतला. पहिल्यासाठी मी ‘निष्ठावान ग्राहक’ लिहिलं आहे आणि दुसऱ्यासाठी ‘महत्त्वाकांक्षी ग्राहक’. दुसरा मलाच खटकतो. महत्त्वाकांक्षी माणसाला पद हवं असतं, पाकीट नव्हे. काही सुचतं का?

पेठकर :
‘हौशी ग्राहक’ करा. तिचा पगार तिचा, हौस तिची. ‘आशाळभूत’ वगैरे चुकूनही नको, त्यात तुच्छता आहे. बावीस वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या कमाईतून एक चांगली वस्तू घेतली तर तिला आपण का हिणवायचं?

साडीवाला :
मला अडचण पहिल्याच शब्दाची वाटते. आमचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान होतं. आमच्याकडे ‘निष्ठावान’ हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. ‘घरचं गिऱ्हाईक’ म्हणत. अशी बाई पायरी चढली की वडील गड्याला सांगत, “आतला माल काढ.” तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात कोणत्या रंगाचा शालू गेला हे त्यांना तोंडपाठ असे, आणि धाकटीच्या वेळी तो रंग ते समोर टाकत नसत. यातल्या कित्येक बायका वर्षाला एकच लुगडं घेत. एखाद्या वर्षी तेही नाही. तरी त्या घरच्याच. उलट एखादा ठेकेदार एका दिवसात पन्नास साड्या उचलून जाई, त्याला ‘मोठं गिऱ्हाईक’ म्हणत. चहा दोघांनाही मिळे, पण शब्द वेगळे होते.

तुमचं ‘व्हीआयसी’ यातलं कोणतं? यादीत नाव पडायला तिथे किती वर्षं मोजतात की किती पैसे?

अनुवादिनी :
पैसे. मुख्यतः वर्षभराच्या खरेदीची रक्कम. बेन या सल्लागार कंपनीचा अंदाज बऱ्याच ठिकाणी दिला जातो : वरचे साधारण २ टक्के ग्राहक या बाजारातली जवळपास ४० टक्के विक्री देतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी दालनं निघाली. २०२२ मध्ये शनेलच्या वित्तप्रमुखांनी जाहीर सांगितलं की आधीपासूनच्या ग्राहकांना जपणं ही आमची सर्वांत मोठी काळजी आहे, आणि अशा ग्राहकांसाठी आशियात खासगी दुकानं उघडण्याचा बेतही सांगितला. पुढच्या वर्षी गुचीनं लॉस एंजेलिसच्या मेलरोज प्लेसवर फक्त आमंत्रितांसाठी दालन उघडलं.

साडीवाला :
मग ‘निष्ठावान’ काढाच. दर दहा वर्षांनी एक पर्स घेणारी, चाळीस वर्षं त्याच दुकानात जाणारी बाई या यादीत बसणार नाही. काल श्रीमंत झालेला माणूस बसेल. ‘मोठं गिऱ्हाईक’ हाच खरा शब्द.

शब्दशोधक :
साडीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. जरा लांबण लावतो, कारण यात शब्दाच्या पोटातली गोष्ट आहे.

‘क्लायंट’ लॅटिन ‘क्लिएन्स’वरून आला. रोममध्ये क्लिएन्स म्हणजे एखाद्या बड्या माणसाच्या आश्रयाला असलेला. तो सकाळी त्या ‘पात्रोनस’च्या दारात मुजऱ्याला हजर होई. म्हणजे मूळ अर्थात ‘क्लायंट’ हा आश्रित आहे. आपल्याकडे याची उलटी बाजू ‘यजमान’ या शब्दात दिसते. भटजींचा यजमान म्हणजे दक्षिणा देणारा. मान त्याचा, आणि भटजींनी त्याच्या घरी जायचं. वकिलाचा ‘अशील’ आहेच, पण तो कोर्टापुरता.

आता शिवणकामाकडे या. पॅरिसमध्ये पूर्वी कापड बाई आणायची आणि शिंपीण घरी जाऊन माप घ्यायची. ती बाई यजमान होती. १८५८ च्या सुमारास चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसानं रू द ला पे या रस्त्यावर आपली पेढी काढली आणि हे नातं फिरवलं. कपडा कसा असेल ते वर्थ ठरवणार, नाव वर्थचं लागणार, आणि बायकांनी त्याच्याकडे यायचं. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक होती. तिथून पुढे यजमानाचा क्लिएन्स व्हायला सुरुवात झाली असं मला वाटतं.

तरीही त्या जुन्या पद्धतीत एक ओल होती. मापाचे कपडे शिवणाऱ्या पेढ्यांत प्रत्येक बाईची एक ठरलेली ‘वाँदेझ’, म्हणजे विक्रेती, असे. तिला बाईची मापं, आवडी, घरातली कार्यं, सगळं ठाऊक. त्या बाईच्या अंगकाठीबरहुकूम भरलेला लाकडी-कापडी पुतळा कार्यशाळेत ठेवलेला असे, आजही ठेवतात. हे साडीवाल्यांच्या वडिलांचंच काम. ‘घरचं गिऱ्हाईक’ हा शब्द तिथे बिनदिक्कत वापरा. पण आजची बहुतांश विक्री तयार पर्स, बूट, पट्टे यांची आहे. तिथे विक्रेत्याला बाईची आठवण ठेवायची गरज नाही, पडद्यावर आकडा दिसतो.

आणि ‘निष्ठा’ म्हणाल तर ती कंपन्या पाळतात का, याचं माझ्या मनात बसलेलं उदाहरण सेलीन या पॅरिसच्या फॅशन कंपनीचं आहे. २००८ ते २०१७ फीबी फायलो तिथे मुख्य डिझायनर होती. नोकरी करणाऱ्या, चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी घालावेत असे कपडे : सैल, साधे, खिसे असलेले. त्या बायकांनी तिला मनापासून धरलं. मग तिच्या जागी एडी स्लिमान आला. सप्टेंबर २०१८ मध्ये आधी त्यानं कंपनीच्या नावातल्या ‘ई’वरची तिरकी रेघ काढली, आणि महिन्याच्या शेवटी आखूड, काळेशार, पार्टीचे, विशीतल्या मुलींना शोभतील असे कपडे मंचावर आणले. दहा वर्षं येत असलेल्या गिऱ्हाइकांना कुणी ‘या’ही म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. त्या बायका जुने कपडे वापरलेल्या मालाच्या बाजारात शोधू लागल्या, आणि इन्स्टाग्रामवर ‘ओल्ड सेलीन’ नावाचं खातंच निघालं, रेघेसकट.

सांगायचं एवढंच की निष्ठा त्या बायकांची होती. ‘निष्ठावान ग्राहक’ हे शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा. ‘व्हीआयसी’ला देऊ नका.

अनुवादिनी :
हे फार उपयोगी पडलं. एक बारीक अडचण : रोमन लिपीत रेघ आहे-नाही हा फरक दिसतो, देवनागरीत दोन्ही ‘सेलीन’च. मी ‘जुनी सेलीन’ आणि ‘नवी सेलीन’ लिहिते, आणि रेघेची गोष्ट एका वाक्यात सांगते.

पेठकर :
म्हणजे तरुणांचं नशीब चांगलं म्हणायचं? जुन्यांना सोडून त्यांच्या मागे लागले.

अनुवादिनी :
काही वर्षं लागले, हो. २०१७ मध्ये लुई व्हितोंनं सुप्रीम या स्केटबोर्डवाल्या कंपनीबरोबर माल काढला, तो त्यासाठीच. पण पुढे किमतींनी याच मुलांना दाराबाहेर ठेवलं. शनेलची मधल्या आकाराची क्लासिक पर्स अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस ५,८०० डॉलरला होती, २०२३ च्या वसंतात १०,२०० डॉलरला. पर्स तीच. बेनच्याच अंदाजानुसार २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत या बाजारातले सुमारे ५ कोटी ग्राहक कमी झाले, आणि त्यात पगारातून साठवून घेणारे बरेच. म्हणून तर मला त्यांच्यासाठी नेमका शब्द हवा आहे. ‘हौशी’मध्ये त्यांची धडपड येत नाही.

सोलवासी :
मी नोकरीनिमित्त कोरियात आहे. इथला एक शब्द देतो : ‘ओपन-रन’. दोन्ही तुकडे इंग्रजी, पण शब्द इथलाच. मोठ्या दुकानाचं दार उघडलं की आत पळत सुटायचं. मे २०२० मध्ये शनेलच्या किमती वाढणार अशी बातमी पसरली, तेव्हा सोलमध्ये दुकानांसमोर पहाटेपासून रांगा होत्या. एवढं सगळं करून ती पर्स पूर्ण पैसे मोजून विकतच घ्यायची असते.

चिनी मित्रांकडून कळलेला दुसरा शब्द ‘पेइहुओ’. ‘पेइ’ म्हणजे जुळवणं, जोडणं, ‘हुओ’ म्हणजे माल. एर्मेस या फ्रेंच कंपनीची सहजासहजी न मिळणारी बर्किन किंवा केली पर्स मिळावी म्हणून आधी तिथून रुमाल, चपला, कपबश्या, चादरी घेत राहायचं, त्या खरेदीला हे नाव.

साडीवाला :
आपल्याकडे टंचाईच्या दिवसांत काही दुकानदार साखरेबरोबर साबण ‘गळ्यात मारत’. पण गळ्यात मारलेला माल गिऱ्हाईक नाइलाजानं घेतं. इथे ते स्वतःहून जातं. ‘जोडखरेदी’ म्हणता येईल.

शब्दशोधक :
‘जोडखरेदी’ झकास. आणि सोलवासींच्या माहितीमुळे अनुवादिनींचा दुसरा शब्दही सापडला असं वाटतं : ‘उमेदवार’.

फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. निवडणुकीनं हा शब्द आज व्यापला आहे, पण त्याआधी कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर उमेदवार असत. बिनपगारी पडेल ते काम करायचं, वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर राहायचं आणि जागा निघेल याची वाट बघायची. ‘चार वर्षं उमेदवारी केली, मग चिकटलो’ असं म्हातारे लोक आजही सांगतात. एर्मेसच्या दुकानात रुमाल आणि कपबश्या घेत राहणारी मुलगी नेमकी हीच उमेदवारी करते आहे. यात आशा आहे, कष्ट आहेत, आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात आहे. तुच्छता मात्र नाही.

पेठकर :
निवडणुकीचा अर्थ मध्ये कडमडेल. ‘उमेदवार ग्राहक’ वाचून लोक मतपेटी शोधतील.

शब्दशोधक :
नामाऐवजी क्रियापद वापरा. ‘ही मुलं बड्या पेढ्यांच्या दारात उमेदवारी करतात.’ अर्थ आपोआप लागतो.

अनुवादिनी :
लागतो! आणि हे कोर्टातही गेलं आहे. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन ग्राहकांनी एर्मेसवर सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात दावा लावला. बर्किन घ्यायची तर आधी बाकीचा माल घ्यायला भाग पाडतात, आणि विक्रेत्यांना बाकीच्या मालावर कमिशन मिळतं, बर्किनवर मिळत नाही, असा त्यांचा आरोप होता. कंपनीनं तो नाकारला. सप्टेंबर २०२५ मध्ये दावा फेटाळला गेला. सर्वांत जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी पर्स राखून ठेवली, एवढ्यानं स्पर्धेचा कायदा मोडत नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं.

साडीवाला :
बघा, तिथेही ‘जास्त पैसे मोजणारे’ असंच आलं. जुने, निष्ठावान वगैरे नाही.

व्याकरणवेडी :
उशिरा आले, पण एक मुद्दा राहिला. ‘ग्राहक’ आणि ‘गिऱ्हाईक’ मूळ एकच, तरी मराठीनं त्यांना वेगळं लिंग दिलं. ग्राहक येतो किंवा येते. गिऱ्हाईक येतं, बसतं, माल बघतं, जातं. समोर बाई असो की बाप्या, नपुंसकलिंग. ‘एखाद्याला गिऱ्हाईक करणं’ म्हणजे त्याची टिंगल करणं किंवा त्याला बनवणं, हाही अर्थ त्याच शब्दाला चिकटला, ‘ग्राहक’ला नाही. म्हणून ‘मोठं गिऱ्हाईक’ हे व्हीआयसीसाठी ठीक, कारण तिथे माणसापेक्षा आकडा बोलतो. पण जुन्या सेलीनच्या त्या बायकांना ‘गिऱ्हाइकं’ म्हणू नका. त्यांच्यासाठी ‘ग्राहक’च ठेवा, आणि क्रियापद स्त्रीलिंगी : त्या आल्या, त्यांनी वाट पाहिली, त्या गेल्या.

साडीवाला :
आणि ‘घरचं गिऱ्हाईक’? तेही नपुंसकच की.

व्याकरणवेडी :
‘लेकरू’सुद्धा नपुंसकच आहे, दादा. ‘घरचं’ लागलं की ते लिंग मायेचं होतं.