भूल देऊन घशात दुर्बीण टाकतात ती तपासणी कोणी केलीय का?

रावेरचा_केळीवाला:
आमचे आप्पा ५८ वर्षांचे, घोरणं इतकं की ओट्यावर झोपले तरी शेजारी ऐकू जातं, आणि मधेच आवाज एकदम बंद, मी मनात आकडे मोजत बसतो, वीस-पंचवीस होतात मग हिसका देऊन श्वास घेतात. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतल्या तपासणीत, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा कमी पडतो तो आकडा) ४२ आला. सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, घेतलं पण मास्क लावला की जीव घाबरतो म्हणे, महिन्यात कपाटावर गेलं. आता जळगावचे डॉक्टर म्हणतात भूल देऊन झोपवू, नाकातून दुर्बीण टाकून बघू, मग ऑपरेशनचं ठरवू. स्टडी झालीय ना मग परत हे कशाला? आणि भुलीत श्वासच बंद पडला तर? आई रडायलाच लागलीय.

चोपड्याची_लेक:
दादा, आमच्या मिस्टरांची झालीय. आधी एका ठिकाणी असं काही न बघताच नाकाचं वाकडं हाड सरळ केलं, पैसे गेले आणि श्वास अडकणं होतं तसंच. मग ही तपासणी केली, रेकॉर्डिंग आम्हाला दाखवलं, जीभ मागं पडून वाट पार बुजत होती आणि डॉक्टरांनी हाताने जबडा पुढं ओढला की लगेच मोकळी. त्यांचा एएचआय १९ होता म्हणून दातांत बसवायचं, जबडा पुढं धरणारं उपकरण दिलं. आता रात्री मी झोपते तरी.

धुळ्याचा_भूलतज्ज्ञ:
भाऊ, स्टडी सांगते श्वास तासाला किती वेळा अडकतो, कुठं अडकतो ते नाही सांगत. त्यासाठी हे. १९९१ पासून करतात. प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन हे झोपेचं औषध हळूहळू देतो, माणूस घोरायला लागला की बारीक दुर्बीण, आणि चार जागा बघायच्या, मऊ टाळू, घशाच्या बाजू, जिभेचं मूळ, स्वरयंत्रावरचं झाकण. टाळूपाशी वाट चारी बाजूंनी आवळत असेल तर जिभेच्या नसेला करंट देणारं यंत्र सहसा चालत नाही, आणि ते झाकणच आत ओढलं जात असेल तर सीपॅपनेही कधीकधी गुदमरतं, म्हणून आप्पा घाबरतात ते नुसतं मनाचं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगाच. श्वास अडकणारच, तेच तर बघायचं असतं, पण ऑक्सिजनचं प्रमाण मॉनिटरवर सतत दिसतं आणि जबडा उचलला की बहुतेक वेळा वाट उघडते. फक्त भूलतज्ज्ञ हजर असलेल्या ठिकाणीच करा. जेवण सहा-आठ तास आधी बंद, रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांगा. एक खरं, औषधाची झोप म्हणजे अगदी रात्रीची झोप नव्हे, त्यामुळे ऑपरेशनची गॅरंटी यातून मिळत नाही. ४२ म्हणजे जास्तच आहे, तोवर मास्कचा साईज, प्रकार बदलून बघा.

रावेरचा_केळीवाला:
आईला वाचून दाखवलं. मास्क नाकातोंडावरचा मोठा आहे, उद्या फक्त नाकावरचा मिळतो का विचारतो. आणि हो, घाबरण्यापेक्षा ‘गुदमरतं’ असंच म्हणतात आप्पा, हे डॉक्टरांना सांगायचंच राहिलं होतं.