‘फितूर’ साक्षीदाराला फितवलं कोणी?

शब्दखोर: ‘तिसरा साक्षीदारही फितूर’ असा मथळा आज पुन्हा वाचला. फितणे, फितवणे ही जोडी बाटणे-बाटवणे सारखीच. फितवायला कोणीतरी लागतो. पैसे, धाक, वशिला, काहीतरी लागतं. मथळ्यात तो फितवणारा कुठेच नाही, पण शिव्या साक्षीदाराला. मुळात शब्द अरबी ‘फितना’वरून आलाय: सोनं आगीत घालून पारखणं, त्यावरून मोह, मग बंडाळी. म्हणजे दोष आग लावणाऱ्याचा.

तिरपागडे: छान रचलंत, पण ‘फितूर’मधला र कुठून आणलात? फितनामध्ये न आहे. हा शब्द अरबी ‘फुतूर’चा: ढिलेपणा, मंदावणं. फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत त्याचा ‘दिमाग का फितूर’ झाला, म्हणजे डोक्यातलं खूळ. आपण त्याचा दगा केला. मुळावरच जायचं तर दोष ढिला पडणाऱ्याचा!

शब्दखोर: र बद्दल मान्य, फितना मागे घेतो. (‘फितवा’ आणि ‘फतवा’ एकच, असं म्हणणाऱ्यांपेक्षा तरी बरा चुकलो. फतव्याचा धातू तिसराच.) पण फुतूरमध्ये दगा नाहीच. तो मराठीने घातला, तेव्हा निवाडाही मराठी वापरावरच करू. ‘किल्लेदार फितला’ म्हटलं की पुढचा प्रश्न काय येतो? ‘कोणाला?’ म्हणजे दुसरा माणूस शब्दातच बसलाय.

तिरपागडे: बसू द्या की. दरवाजाचा अडसर आतून किल्लेदारानेच काढला ना? दूध आपोआप नासतं, माणूस तसा फितत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येतं.

काळाकोट: तुम्ही दोघंही साक्षीदार फितलाय हे धरूनच चाललात. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 154 मध्ये ‘हॉस्टाइल’ (इंग्रजीत फितूर साक्षीदाराला म्हणतात तो) हा शब्दच नव्हता. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला, त्यालाच त्याची उलटतपासणी घ्यायची परवानगी न्यायालय देऊ शकतं, एवढंच. पोलिसांनी जबाबात भलतंच लिहिलं असेल आणि साक्षीदार कोर्टात खरं बोलला, तरी दुसऱ्या दिवशी पेपरात तो फितूरच.

तिरपागडे: मग लिहायचं काय?

काळाकोट: ‘उलटला’. किंवा ‘जबाब फिरवला’.

शब्दखोर: ‘फिरवला’मध्येही थोडा वास येतोच, पण चालेल.

तिरपागडे: किल्लेदाराला मात्र मी फितूरच म्हणणार.