अमेरिकेतलं ते पांढऱ्या फुलांचं झाड जळगावात जगेल का?

रिंगरोडवाला (जळगाव)
नमस्कार मंडळी. पोरगी मेरीलँडला राह्यते, तिने मार्चमध्ये त्यांच्या रस्त्याचे फोटो पाठवले, दोन्ही बाजूला नुसती पांढरीशुभ्र झाडं, पान म्हणून दिसत नाही. ती म्हणते चेरी, शेजारीण म्हणते शोभेची नाशपाती. ओळखायचं कसं? आणि आपल्या घरासमोर लावता येईल का, ऑनलाइन एक जण रोप विकतोय, फोटो सेम टू सेम आहे. घर पश्चिममुखी, दुपारनंतर फुल ऊन.

भुसावळ_ते_ओहायो
काका, पोरीला म्हणा आधी खोड पाह्य. चेरीच्या सालीवर आडव्या रेघा राह्यतात, नाशपातीची साल जुनी झाली की चौकोनी भेगाळते. चेरीच्या पाकळीला टोकाशी बारीक खाच असते, हिची पाकळी गोल अन् आत परागकोष गुलाबी-जांभळे. अन् एवढं करूनही डाऊट राह्यला तर सरळ नाक लावा, सडक्या मासळीसारखा वास आला की समजा ब्रॅडफर्ड पेअर, म्हणजे तीच शोभेची नाशपाती, किंवा तिचीच भावंडं. पुढे पानं गोलसर, चकचकीत, शरदात लालभडक होतात, फळ बोरापेक्षा लहान, तपकिरी, कडक, खायच्या कामाचं नाही.

मूळ झाड चीन-व्हिएतनामकडचं. अमेरिकेत बी आणलं ते खायच्या नाशपातीला फायर ब्लाइट (फांद्या करपवणारा रोग) लागायचा म्हणून कलमाच्या खुंटासाठी, मग मेरीलँडमध्येच ग्लेन डेलच्या सरकारी केंद्रात त्यातलं एक देखणं झाड निवडून 1960 च्या दशकात बाजारात आणलं. सगळी कलमं एकाच झाडाची, आपापसात फळ धरत नव्हती, पण नंतर दुसऱ्या जाती आल्या, परागीभवन व्हायला लागलं, पक्ष्यांनी बी सगळीकडे नेलं अन् आता रिकाम्या जागी काटेरी रान माजतं. आमच्या ओहायोत 2023 पासून विकायलाच बंदी आहे. वरून फांद्या एकाच जागेवरून अरुंद कोनात निघतात, पंधरा-वीस वर्षांत वादळ आलं की झाड उभं चिरतं, खाली गाडी असली तर संपलंच.

नर्सरीवाला_चोपडा
भो, ते ऑनलाइनचं रोप घेऊच नका, फोटो एक अन् पार्सलमध्ये भलतंच काही. अन् पोरगी येताना बी आणेल असं मनात असेल तर परवान्याशिवाय अन् तिकडच्या रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय बी आणता येत नाही. आणि आणून करणार काय, या झाडाला हिवाळ्यात थंडीची लांब झोप लागते तेव्हा कळी फुटते, आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी अंगातला स्वेटर उतरवावा लागतो. मे मध्ये पारा 45 ला टेकला की पश्चिमेच्या उन्हात पानं करपलीच समजा.

तसाच लूक पाहिजे तर पांढरा कांचन लावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून फांदीभर फुलतो. फक्त नर्सरीत झाडवाला मागा, त्याच नावानं झुडूपवाला पण देतात, तो पावसाळ्यात फुलतो अन् उंच होत नाही. बुच पण छान, रात्री घमघमाट, पण लाकूड ठिसूळ, वायरीखाली नको.

रिंगरोडवाला
पोरीनं वास घेतला, फोनवर नुसतं "ईऽऽ बाबा" 😄 शेजारीण जिंकली. कांचन फायनल. कंपाउंडपासून किती लांब लावू?

नर्सरीवाला_चोपडा
आठ-दहा फूट सोडा. पाऊस नीट लागला की जुलैत लावा, बुंध्याला काठीचा आधार, अन् पहिला उन्हाळा पाणी चुकवू नका, आळ्यात पालापाचोळा टाका. बकऱ्या फिरत असतील तर जाळी पण लागेल, कोवळा पाला सोडत नाहीत त्या.