मदत हवी आहे: वडिलांनी लिव्हरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये जावं का? (सांगली)

नमस्कार मंडळी,

अण्णांना (माझे वडील, वय 61) पुण्याच्या एका हॉस्पिटलमधून लिव्हरच्या नव्या औषधाच्या ट्रायलसाठी विचारणा झाली आहे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय.

आधी तब्येतीचं सांगते. अण्णांचं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेलं. शुगर जुनी आहे. अंगाने सडपातळ, पोट तेवढं सुटलेलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 निघालं, मग मिरजेच्या पोटाच्या डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घेतला. तो आला 11.2. म्हणजे नुसती चरबी नाही, लिव्हर कडक व्हायला लागलंय. रक्तात एसजीओटी 54, एसजीपीटी 64 (हे दोन लिव्हरला इजा झाली की वाढतात), प्लेटलेट 1 लाख 68 हजार. वय आणि हे तीन आकडे घालून फिब-4 काढतात, तो 2.45 आला. 1.3 च्या खाली असता तर निर्धास्त राहता आलं असतं, 2.67 च्या वर गेला की धोका जास्त. अण्णा मधेच अडकलेत. सिरॉसिसपर्यंत गेलेलं नाही, असं डॉक्टर सांगतात.

अण्णा माळकरी आहेत, दारूचा थेंब कधी घेतला नाही. तरी एका पाहुण्यांनी त्यांच्या तोंडावर विचारलं, "कधीपासून घेताय?" अण्णांनी माळेला हात लावला आणि काही बोललेच नाहीत. शुगर आणि पोटावरची चरबी एवढ्यानेही लिव्हर बिघडतं, हे लोकांना अजून पटत नाही. माणूस आजाराने खचत नाही इतका अशा प्रश्नांनी खचतो.

आता ट्रायलचं. औषध साधारण दीड वर्ष घ्यायचं. सुरुवातीला एक बायोप्सी (सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं), शेवटी एक. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नसणार.

माझी खरी अडचण इथे आहे. या आजारावर आता काहीच औषध नाही असं राहिलेलं नाही. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये रेसमेटिरोमला मंजुरी मिळाली, ऑगस्ट 2025 मध्ये सेमाग्लुटाइडला. आपल्याकडे सारोग्लिटाझारला 2020 मध्येच मान्यता आहे. मग अण्णांनी दीड वर्ष कदाचित रिकाम्या गोळ्या का खायच्या? धाकटा भाऊ याच मुद्द्यावर अडून बसलाय. आई म्हणते, मोठे डॉक्टर लक्ष ठेवतील, तपासण्या फुकट होतील, जाऊ दे.

अण्णांना सुईची भीती नाही. त्यांची शंका निराळी आहे आणि मला तिचं उत्तर देता आलं नाही. सौद्याला पोतं आलं की हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. ते म्हणाले, "आम्ही एका हळकुंडावर पोत्याचा भाव करत नाही, तीन-चार ठिकाणची मोडून बघतो. हे एकाच जागचा तुकडा काढणार. तो सगळ्या लिव्हरचा कसा धरायचा?"

आणखी एक. अण्णा एका ओळखीच्या विक्रेत्याकडून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतात, त्यात मिरीचाही अर्क आहे. ट्रायलवाल्यांनी त्या आधी बंद करायला सांगितल्या. अण्णा दुखावलेत. हळदीने लिव्हर सुधारतं असंच ते मानतात, आणि सांगलीत राहून वेगळं मानणार तरी कसं? कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर कृपया लिहा.

– कृष्णाकाठची

तंतुवाद्य:
ताई, मी ट्रायलच्या कामात काही वर्षं होतो. डॉक्टर नाही, पण कागदपत्रं भरपूर हाताळलीत.

पहिलं काम, सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर मागा. आपल्या देशात 2009 पासून प्रत्येक औषध-ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे. वेबसाइटवर कुणालाही ती फुकट बघता येते. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा. संमतीपत्र मराठीतच मागा आणि घरी आणून वाचा. त्यात "दुसरे कोणते उपचार उपलब्ध आहेत" हे लिहिलेलं असायलाच हवं. भावाच्या मुद्द्यावर तिथेच बोट ठेवून विचारा: ट्रायल चालू असताना सारोग्लिटाझार घेता येईल का? शुगरची औषधं बदलावी लागली तर? मधेच आकडे बिघडले तर कोण कळवणार? ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई 2019 च्या नियमांत आहे. अण्णांना कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. सांगली-पुणे प्रवासखर्चाचंही आधीच बोलून घ्या, संकोच करू नका.

रिकाम्या गोळ्यांबद्दल: रेसमेटिरोमच्या मोठ्या ट्रायलमध्ये 966 लोक होते. 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे 26 टक्के लोकांचा कडकपणा निदान एका पायरीने उतरला. रिकाम्या गोळीवरच्या गटातही 14 टक्के लोकांचा उतरला. हा दुसरा गट नसता तर सगळं श्रेय औषधालाच गेलं असतं. म्हणून तो ठेवावा लागतो. पण भावाचं म्हणणं चुकीचं नाही, ते डॉक्टरांसमोर मांडाच.

वारणाकाठ:
अण्णांची शंका अगदी बरोबर आहे. मी पॅथॉलॉजीत आहे. बायोप्सीचा तुकडा म्हणजे लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग. शेजारच्या जागी कडकपणा कमी-जास्त असू शकतो. म्हणून ट्रायलमध्ये एका माणसाच्या तुकड्यावर निकाल लावत नाहीत, शेकडो लोकांचे एकत्र बघतात. सोबत फायब्रोस्कॅन आणि रक्त असतंच.

हा कडकपणा येतो कुठून, तेही त्यांना सांगा. लिव्हरमध्ये 'अ' जीवनसत्त्व साठवून ठेवणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 मध्ये त्यांचं वर्णन केलं. इजा होत राहिली की त्या साठा सोडून कोलॅजनचे धागे तयार करायला लागतात. इजा थांबली की त्यातल्या काही मरतात, काही पुन्हा शांत होतात, आणि धागे हळूहळू विरघळूही शकतात. या टप्प्यावर हातात बरंच काही आहे, म्हणूनच वेळ घालवू नये.

कॅप्सूल मात्र आजच बंद करा. भाजी-आमटीतल्या हळदीला काही म्हणत नाही, त्यात कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) काही टक्केच असतं आणि अंगी फारसं लागत नाही. अर्काचं तसं नाही. मिरीतल्या पायपरीनने कर्क्युमिन शोषलं जाण्याचं प्रमाण सुमारे वीसपट होतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने 1998 मध्ये दाखवलं. पुढे अमेरिकेत हळदीच्या उत्पादनांमुळे लिव्हरला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास आला. पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक ठरावीक जनुक-प्रकार होता, म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही. अण्णांचे एसजीओटी-एसजीपीटी नेमके कशाने वाढलेत हे कॅप्सूल चालू असेपर्यंत सांगता यायचं नाही.

कृष्णाकाठची:
दोघांचे मनापासून आभार. हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. पन्नास हजाराव्या भागाचं ऐकून त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. कॅप्सूल बंद केल्यात, स्वयंपाकातली हळद चालते म्हटल्यावर ते निवांत झाले. मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, थोड्या दिवसांनी रक्त पुन्हा तपासून मगच पुण्याला कळवू असं ठरलं. मराठी संमतीपत्र आणि सीटीआरआय नंबर मागितलाय. तंतुवाद्य, पत्र आलं की त्यातली दुसऱ्या उपचारांची पानं नाव-गाव झाकून इथे टाकली तर बघाल का?