मदत हवी आहे : ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना सोबत नेता येईल असे सुरांचे खेळणे

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातील एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षक आहे. दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततो.

मुलांनी पाठ केलेली गाणी म्हणण्यापेक्षा स्वतः चाली रचाव्यात, या इच्छेने मी जूनपासून एक साधन घडवतो आहे. विजेच्या फिटिंगची पीव्हीसी नळी कापून तिच्या एका टोकाला घट्ट बूच बसवले आणि ते टोक फरशीवर आपटले, की आतली हवा घुमून सूर उमटतो. पांढरी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) 'सा'साठी सुमारे ३३ सेंटीमीटर लांबी लागते, 'प'साठी तिच्या दोन तृतीयांश, म्हणजे २२. मी भूप रागाचे सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर घेतले, कारण 'म' आणि 'नी' वगळले की दोन स्वरांत अर्धस्वराचे (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांइतके) अंतर कोठेच राहत नाही आणि कोणतीही नळी कोणत्याही नळीनंतर वाजवली तरी कानाला खटकत नाही.

अडचण याच सोयीतून निर्माण झाली. काहीही वाजवले तरी गोडच लागते म्हटल्यावर मुले ऐकेनाशी झाली आणि कोण जोरात आपटतो याचीच चढाओढ लागली. तेव्हा मी पाच मुलांना एकेकच नळी दिली. 'ध' मिळालेली तिसरीतील मुलगी नळी छातीशी धरून 'प'वाल्या मुलाच्या हातावर डोळे लावून बसली. तो घाईने पुढे जाऊ लागताच "थांब की, माझं हाय आता" म्हणाली, नळी एकदाच आपटली आणि पुन्हा गप्प झाली. दुसऱ्या दिवशी चाल आठवेना, म्हणून मुलांनीच जमिनीवर चिंचोके मांडले आणि थांबायच्या जागी खडा ठेवला. एवढे लक्षपूर्वक ऐकताना मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते.

परंतु ही पाच मुले दिवाळीनंतर पाच वेगवेगळ्या कारखान्यांच्या फडावर असतील आणि एकट्या 'ध'चा त्या मुलीला काही उपयोग नाही. एकट्या मुलाला पुरेल, बोचक्यात मावेल आणि तरीही ऐकायला भाग पाडेल असे साधन मला हवे आहे. पाणी भरून वाजवायच्या बाटल्या प्रवासात टिकणार नाहीत. मोबाइल दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. शिवाय पडद्यावर बोट ठेवून सूर काढणाऱ्या मुलाला तो सूर कशातून आला हे कधीच दिसत नाही, म्हणून तो मार्ग मला मुळातच पटत नाही.

सध्या सुमारे १७ सेंटीमीटरच्या बारीक नळीत दट्ट्या सरकवून, वरच्या काठावर फुंकून वाजवण्याचा प्रयत्न चालू आहे. दट्ट्या आत ढकलला की सूर चढतो आणि ठरलेली जागा नसल्यामुळे प्रत्येक स्वर कानानेच शोधावा लागतो. मात्र सात-आठ वर्षांच्या मुलांना काठावरची फुंकर साधत नाही. दट्ट्याला ज्वारीच्या ताटाचे भेंड (आतला मऊ गर) लावले, तर ते ओल धरून फुगते व अडकते. चिंधी गुंडाळली, तर हवा निसटते.

जाणकारांना माझी विनंती आहे, की करवत आणि चाकू एवढ्याच हत्यारांनी अशा नळीला शिट्टीसारखे तोंड कसे करावे आणि दट्ट्याला काय लावावे, हे कृपया सविस्तर सांगावे. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी मला किमान बारा नग तयार करायचे आहेत. लहान मुलांना वाद्य शिकवणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे : दट्ट्याच्या काडीवर स्वरांच्या खुणा कराव्यात, की ती कोरीच ठेवावी?