थ्रीडी प्रिंटिंग: छापणं, रचणं की कोरणं?

थ्रीडी प्रिंटिंगला 'त्रिमितीय मुद्रण' लिहितात, पण इथे मुद्रण शब्द बसतो का? आणि स्कॅन करून मशीनवर दगडाची हुबेहूब प्रतिकृती काढतात, त्यालाही हेच म्हणायचं का?

– मुद्रण अगदीच चूक नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८९ मध्ये जी पद्धत निघाली तिच्यात पावडरचा पातळ थर पसरायचा आणि इंकजेटसारख्या हेडने हवा तिथेच चिकटवणारा द्रव सोडायचा, म्हणजे अक्षरशः छापायचंच, थ्रीडी प्रिंटिंग हे नाव मूळ त्या पद्धतीचं, मग ते सगळ्यांनाच लागलं. चक हल या अमेरिकन इंजिनिअरने १९८४ मध्ये पेटंटचा अर्ज केला ती स्टिरिओलिथोग्राफी याच्याही आधीची, तिच्यात पातळ रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारा द्रव) अतिनील प्रकाशाने थराथराने घट्ट करतात, शाई नाही की हेड नाही. प्लास्टिकची तार वितळवून नोझलमधून सोडणारी मशीनं बघा, एकेक थर साधारण ०.२ मिमीचा, उतरत्या बाजूवर बोट फिरवलं तर पायऱ्या लागतात. हे रचणंच झालं, म्हणून मला 'थररचना' जास्त आवडतो.

दगडाचं काम मात्र बरोबर उलटं, तिथे ठोकळ्यातून नको तो भाग काढून टाकायचा, आणि त्याला आपल्याकडे 'कोरणं' हा नेमका शब्द असताना मुद्रण कशाला? सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहराची कमान २०१५ मध्ये उद्ध्वस्त झाली, तिची लहान प्रतिकृती २०१६ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभी केली, ती फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलप्रमाणे इटलीत यंत्रांनी संगमरवरात कोरलेली होती, तरी बऱ्याच बातम्यांत ती थ्रीडी प्रिंट केलेली झाली! हे खटकतंच, कारण वाचणाऱ्याला वाटतं दगडसुद्धा छापून निघतो.

– पण कॉम्प्युटरला दिलेलं मॉडेल तर दोन्हीकडे सारखंच असतं ना?

– हो, मॉडेल सारखं चालतं, पुढचं नाही. कोरताना कटर पोचेल तिथपर्यंतच काम होतं, बंद पोकळी आतून कोरता येत नाही. थररचनेत पोकळी जमते पण अधांतरी भागाला खालून आधार लागतो, तो तोडला की खालची बाजू खरबरीत राहते. म्हणून दोन्हींना मिळून म्हणायचं असेल तर 'संगणकचलित प्रतिकृती' म्हणा, आणि कशी बनवली ते सांगायचं असेल तिथे रचलेली की कोरलेली हे स्पष्ट लिहा.